गजकर्ण, मेडिकलची ट्यूब आणि पिंपरीचा शोध

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

भोसरी परिसरातल्या महिला बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलणार आहोत. एरवी आम्ही कर्जाचे हप्ते, पासबुक, शिवणकामाच्या ऑर्डरी असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा लाजेचा आहे. बायका तो मैत्रिणीलासुद्धा सांगत नाहीत. पण पावसाळा लागला की आमच्या महिन्याच्या बैठकीत निम्म्या जणी कुठे ना कुठे खाजवत बसलेल्या असतात, तेव्हा लपवून तरी काय उपयोग? विषय आहे गजकर्ण. कुणी नायटा म्हणतं, हिंदी बोलणाऱ्या भगिनी दाद म्हणतात. कमरेला परकराच्या नाडीच्या जागी, जांघेत, स्तनांच्या खाली, काखेत, पाठीवर लाल गोल चट्टा उठतो आणि रात्री झोपू देत नाही, तेच हे.

याच्याच जोडीला आपल्याच गावकीतली एक गोष्टही सांगायची आहे. या बुरशीला मारणारी औषधी द्रव्यं साठ वर्षांपूर्वी आपल्या शेजारी, पिंपरीत शोधली गेली. भोसरीहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. ही गोष्ट आमच्यापैकी बहुतेकींना ठाऊक नव्हती. गटातल्या मुलींना ती कळावी असं वाटलं, म्हणून माहिती गोळा केली.

आधी दुखणं समजून घेऊ.

गजकर्ण हा रक्त बिघडल्याचा आजार नाही, उष्णतेचा नाही, कुणाच्या नजरेचा नाही आणि पापाचा तर मुळीच नाही. ती बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर, दमट भिंतीवर येते त्याच जातकुळीतली, पण हिला खायला आपली कातडी लागते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्यात केराटिन नावाचा पदार्थ असतो. केसात आणि नखात तोच असतो. ही बुरशी तेवढंच केराटिन खाते. मधलं खाऊन झालं की ती बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून मधली कातडी जरा बरी दिसते आणि कडा लाल, खवलेदार, उठावदार दिसते. म्हणून तो चट्टा गोल. बुरशी जिवंत असते ती कडेला, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता ही बुरशी आपल्याकडेच इतकी का? तिला तीन गोष्टी आवडतात. ऊब, ओल आणि घासणारा कपडा. आपल्या एमआयडीसीतल्या बाईचा दिवस बघा. सकाळी नळाला पाणी आलं की घाईत कपडे धुवायचे, दहा बाय दहाच्या खोलीत दोरीवर वाळत घालायचे. पावसाळ्यात ते दोन दोन दिवस वाळत नाहीत. तेच ओलसर कपडे अंगात घालून पहिल्या पाळीला जायचं. वर कंपनीचा टेरिकॉटचा एप्रन, पायात बंद बूट, हातात रबरी मोजे. पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास. ओव्हरटाइम असेल तर बारा. घाम येतो तो तिथेच मुरतो. घरी आलं की एकच टॉवेल चौघांना. बुरशीला याहून चांगला पाहुणचार कुठे मिळणार?

आमच्या एका गटातल्या ताईंचं उदाहरण सांगतो. नाव सांगणार नाही, त्यांची परवानगी घेऊनच सांगतो आहोत. त्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये रबरी पार्टच्या कडा कापायचं काम करतात. दिवसभर बसून काम. मागच्या पावसाळ्यात कमरेला चट्टा उठला. मेडिकलमध्ये गेल्या, म्हणाल्या, "खाजेवर काहीतरी द्या." ट्यूब मिळाली. लावली, आणि दोन दिवसांत लाली गेली, खाज थांबली. ताई खूश. ट्यूब ठेवून दिली. पंधरा दिवसांनी चट्टा परत आला, आधीपेक्षा मोठा. पुन्हा तीच ट्यूब. असं चार महिने चाललं. तेवढ्यात नवऱ्याच्या जांघेत आलं, मग मुलीच्या मानेवर. सगळ्यांना तीच ट्यूब. शेवटी हातावर चट्टे दिसायला लागले तेव्हा सुपरवायझर म्हणाला, बरं झाल्याशिवाय येऊ नका. रोजंदारीचं काम. घरी बसलं की खाडा. तीन आठवडे पगार नाही. त्या महिन्यात ताईंचा गटाचा हप्ता थकला, तेव्हा कुठे आम्हाला सगळं कळलं. सहा वर्षांत त्यांचा हप्ता कधी चुकला नव्हता.

आम्ही दोघी-तिघी त्यांच्याबरोबर महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी आधी विचारलं, "काय काय लावलंत ते आणून दाखवा." ट्यूब हातात घेतली, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे."

मैत्रिणींनो, हा शब्द नीट ऐका. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसब असेल, सोरायसिस असेल तर डॉक्टर ते मोजून मापून देतात. पण ते बुरशीला मारत नाही. ते काय करतं? बुरशी आली की आपलं शरीर तिच्याशी भांडतं. ती लाली, ती सूज, ती खाज म्हणजे ते भांडण. स्टेरॉइड आपल्या शरीराला गप्प बसवतं. भांडण थांबतं, म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण चोर घरातच असतो, राखणदार तेवढा झोपवलेला असतो. मग बुरशी निवांत पसरते. चट्ट्याचा गोल आकारही जातो, त्यामुळे डॉक्टरांनासुद्धा ओळखायला अवघड जातं. वर कातडी पातळ होते, मांडीवर काखेत पांढरे-लाल ओरखडे पडल्यासारख्या रेषा उठतात, आणि त्या रेषा पुढे जात नाहीत.

बाजारात अशा मिसळ ट्यूबा पुष्कळ आहेत. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषधही. म्हणजे काय आहे ते न बघता सगळ्यावर एकच लेप. २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून त्वचेवर लावायची स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं. नियम आहे, पण दुकानात चिठ्ठी मागितली जातेच असं नाही. म्हणून ट्यूब आपणच वाचायची. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं दिसली तर त्यात स्टेरॉइड आहे. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. आमच्या गटात एका बैठकीला सगळ्यांनी घरातल्या ट्यूबा आणल्या आणि नववीतल्या एका मुलीने त्या वाचून दाखवल्या. अकरा ट्यूबा होत्या. त्यातल्या आठांत स्टेरॉइड निघालं.

मग बुरशीला मारतं काय? इथून आपल्या पिंपरीची गोष्ट सुरू होते.

पहिला पाऊस पडला की मातीला जो वास सुटतो, तो मातीतल्या काही अतिसूक्ष्म जीवांमुळे येतो. हे जीव मातीत इतर जंतूंबरोबर, बुरशीबरोबर जागेसाठी झगडत असतात आणि त्या झगड्यात विषारी द्रव्यं सोडतात. त्याच द्रव्यांतून माणसाने औषधं काढली. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत असंच मातीतल्या जिवापासून मिळालं. पण स्ट्रेप्टोमायसिन किंवा पेनिसिलिन जंतूंना मारतात, बुरशीला त्यांचं काहीच वाटत नाही. बुरशीची घडण वेगळी. म्हणून बुरशीचं औषध वेगळं शोधावं लागलं.

ते शोधणाऱ्या पहिल्या माणसांत दोन बायका होत्या. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन. दोघीही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरी करत. हेझनबाई न्यूयॉर्क शहरात, ब्राउनबाई ऑल्बनी गावात. हेझनबाई ठिकठिकाणची माती तपासायच्या. एखाद्या मातीतला जीव बुरशीला मारतो असं दिसलं की तो काचेच्या बरणीत घालून टपालाने ब्राउनबाईंना पाठवायच्या. ब्राउनबाई त्यातलं द्रव्य वेगळं काढून परत टपालाने पाठवायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी एका मैत्रिणीच्या शेतातल्या मातीत हवं ते सापडलं. १९५० साली त्यांनी ते जाहीर केलं आणि आपल्या राज्याच्या नावावरून त्याला निस्टॅटिन हे नाव दिलं. लहान बाळांच्या तोंडात पांढरा थर येतो त्यावर, आणि बायकांच्या अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं त्यावर हे औषध आजही वापरतात. त्या शोधाचे एक कोटी तीस लाख डॉलरहून जास्त पैसे आले, ते दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले. बचत गटाच्या बायकांना ही गोष्ट आवडेल म्हणून मुद्दाम सांगितली.

आता पिंपरी. आपल्याकडे जुनी माणसं जिला नुसतं एचए कंपनी म्हणतात, ती म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. एचए कॉलनी, एचएचं ग्राउंड, एचएची शाळा ही नावं आपल्या तोंडात आहेत. ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ पासून इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. सरकारी मालकीचा औषधांचा हा देशातला पहिला कारखाना. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली १९७० साली. म्हणजे नगरपालिकेच्या आधी पंधरा वर्षं इथे पेनिसिलिन बनत होतं. तेव्हा भोसरी खेडं होतं.

कारखान्याला जोडून प्रयोगशाळा होती. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार नावाचे शास्त्रज्ञ संशोधनाचे प्रमुख होते. बुरशी हा त्यांचा जन्मभराचा विषय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतले जीव तपासायला घेतले. १९६१ साली त्यांनी एक नवं द्रव्य जाहीर केलं, हॅमायसिन. ते ज्या जिवापासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरिना, म्हणजे आपल्या पिंपरीवरून. न्यूयॉर्कच्या बायकांनी आपल्या राज्याचं नाव औषधाला दिलं, तसं इथल्यांनी पिंपरीचं नाव त्या जिवाला दिलं. जगभरच्या शास्त्राच्या पुस्तकांत पिंपरी अशी नोंदली गेली.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याच प्रयोगशाळेतून आणखी एक द्रव्य पुढे आलं. त्याचं नाव डर्मोस्टॅटिन. डर्मा म्हणजे त्वचा. नावावरूनच कळतं की ते कातडीवरच्या बुरशीसाठी, म्हणजे आपल्या या गजकर्णासाठी होतं. तिरुमलाचार यांना १९६७ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. शेतकरी घरातून आलेल्या आमच्या मैत्रिणींना स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आठवत असेल. डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारायचे ती. तीही एचएची. आणि पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन नावाचं औषधही तिथलंच.

हॅमायसिन आणि डर्मोस्टॅटिन बुरशीला मारतात कसं, ते सोप्या शब्दांत सांगतो. प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ आवरण असतं. दुधाच्या पिशवीसारखं समजा. पिशवी धड असेल तोवर आतलं आत राहतं. बुरशीच्या पिशवीत एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, त्याच्यामुळे ती नीट टिकते. आपल्या पेशींच्या आवरणात त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. ही औषधं एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात. मग पिशवी गळायला लागते, आतले क्षार बाहेर जातात आणि बुरशी मरते. आपल्या पेशीत एर्गोस्टेरॉल नसल्यामुळे आपल्याला त्यामानाने कमी त्रास होतो. कमी म्हणतो आहोत, अजिबात नाही असं नाही. याच घराण्यातलं एक औषध तुम्हाला चांगलं आठवत असेल. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार आला होता. तेव्हा ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात धावत होते. हॅमायसिनची रचना त्या ॲम्फोटेरिसिनच्या अगदी जवळची आहे. ते इंजेक्शन जीव वाचवायचं, पण मूत्रपिंडावर लक्ष ठेवूनच द्यावं लागायचं.

प्रयोगशाळेत हे तपासतात कसं, हे पाहिलं तर स्वयंपाकघरच आठवतं. आपण खरवस नसला की चायना ग्रास घालून दुधाची वडी करतो ना? तेच चायना ग्रास, त्याला तिकडे अगार म्हणतात. त्यात बुरशीचं खाणं, म्हणजे साखर वगैरे मिसळून काचेच्या बशीत घट्ट करतात. रोग्याच्या चट्ट्याच्या कडेची खरवड त्यावर ठेवतात. ही बुरशी सावकाश वाढते. जंतू एका रात्रीत वाढतात, हिला दोन ते चार आठवडे लागतात. मग वेगवेगळ्या प्रमाणात औषध मिसळून बघतात की किती औषधाला बुरशी वाढायची थांबते. डर्मोस्टॅटिनसारख्या द्रव्याचं काम आज मुख्यतः तिथे आहे, बुरशीच्या अभ्यासात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते नाव तुम्हाला दिसणार नाही.

मग कुणी विचारेल, पिंपरीत एवढं सापडलं तर ते आपल्या मेडिकलमध्ये का नाही? याचं एक कारण असं की ही द्रव्यं नाजूक असतात. उजेडाने, उष्णतेने लवकर खराब होतात, पाण्यात सहज विरघळत नाहीत, गोळी करून पोटात दिली तर रक्तात फारशी उतरत नाहीत. दुसरं म्हणजे पुढे क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल अशी कारखान्यात रसायनांपासून बनणारी मलमं आली, त्यानंतर टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल या गोळ्या आल्या. ती करायला, साठवायला सोपी. शोध मोठा असतो, पण तो ट्यूबमध्ये भरून स्वस्तात दुकानापर्यंत जाईलच असं नसतं. आणि बशीत बुरशी मेली म्हणजे माणसाच्या अंगावर मरेल असंही नाही. फिनाइल ओतलं तर बशीतली बुरशी तेही मारेल, म्हणून आपण ते अंगाला लावत नाही. औषध कातडीत शिरलं पाहिजे, टिकलं पाहिजे, आणि माणसाला सोसलं पाहिजे.

आता या सगळ्यातली काळजीची गोष्ट. गेल्या काही वर्षांत आपल्या देशातली गजकर्णाची बुरशी बदलली आहे. टर्बिनाफिन हे औषध बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवूच देत नाही. ते बनवायला बुरशीकडे जे यंत्र असतं, त्याच्या कुलपात हे औषध चावीसारखं अडकतं. आता काही बुरशींनी ते कुलूपच बदललं आहे. चावी बसत नाही, औषध चालत नाही. भारत आणि नेपाळमधल्या रोग्यांकडून मिळालेल्या अशा बुरशीला २०२० साली जपानच्या शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. नावात आपल्या देशाचं नाव आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन बायकांच्या अंगावर हीच बुरशी सापडली, तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने सगळ्या डॉक्टरांना सावध केलं.

पिंपरीचं नाव जगात औषध देणाऱ्या जिवामुळे गेलं होतं. आता देशाचं नाव औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीमुळे जातंय. स्टेरॉइडच्या मिसळ ट्यूबा, अर्धवट सोडलेल्या गोळ्या आणि घरातल्या एकालाच औषध, यांचा यात मोठा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. अर्धवट औषधाने कमजोर बुरशी मरते, चिवट उरते आणि तीच वाढते. शेतात तण काढताना वरवर कापलं तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच अभ्यासकांना वेगवेगळ्या वाटेने बुरशी मारणारी द्रव्यं हवी असतात. टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल बनू देत नाही, आणि डर्मोस्टॅटिनचं घराणं बनलेल्या एर्गोस्टेरॉलवर घाव घालतं. दोन्ही वाटा वेगळ्या, म्हणून जुना अभ्यास अजून कामाचा आहे.

आता आपण काय करायचं, ते एकेक करून सांगतो. कागद-पेन घेतलं असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, चट्टा उठला की मेडिकलमध्ये "काहीतरी द्या" म्हणायचं नाही. दवाखान्यात जायचं. महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा, पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात त्वचा विभाग आहे. तपासणीसाठी डॉक्टर चट्ट्याच्या कडेची थोडी खरवड घेतात, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि दुर्बिणीखाली बघतात. कातडी विरघळते, बुरशीचे धागे दिसतात. दुखत नाही, रक्त लागत नाही. आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा बरोबर न्या, लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून बायका लपवतात आणि मग निदानच चुकतं.

दुसरी, औषध सांगितलं तितके दिवस घ्यायचं. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. हे काही आठवड्यांचं काम आहे, दोन दिवसांचं नाही. मलम लावताना चट्ट्याच्या बाहेरही दोन बोटं लावायचं, कारण बुरशी कडेने पुढे सरकत असते. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, कावीळ झालेली असेल, साखरेचा त्रास असेल किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. शेजारणीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

तिसरी, घरातल्या सगळ्यांना तपासायचं. नवरा "मला काही नाही" म्हणतो, त्यालाही. एकाला बरं केलं आणि दुसऱ्याच्या टॉवेलवर बुरशी राहिली तर महिन्याभरात परत सगळ्यांना. टॉवेल, कंगवा, आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे. ज्याला गजकर्ण आहे त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर आणि कमरपट्ट्यावर. खोलीत जागा नसेल तर आतले कपडे दोरीच्या मधोमध, पंख्याखाली. बायका लाजेने ते साडीखाली झाकून वाळवतात, म्हणून ते ओले राहतात. लाज बाजूला ठेवा.

चौथी, अंग धुतल्यावर पूर्ण कोरडं करायचं, मगच कपडे. परकराची नाडी रोज थोडी वर-खाली बांधा, नाडी धुवा. कामावरून आल्यावर त्याच कपड्यात स्वयंपाकाला लागू नका. सुती, सैल कपडे चांगले, घट्ट लेगिंग पावसाळ्यात टाळा. बुटात मोजे रोज बदला, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांवरही उपचार घ्या, कारण तिथूनच बुरशी वर येते.

पाचवी, लिंबू चोळणं, ठेचलेला लसूण बांधणं, रॉकेल लावणं बंद. कातडी भाजते आणि वर जखम होते. टाकळ्याला आपल्याकडे जुन्या काळापासून गजकर्णावरचं औषध मानलं जातं, संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे दाद मारणारा. पावसाळ्यात त्याची भाजी खुशाल खा. पण त्याच्या भरवशावर डॉक्टर टाळू नका.

आणि शेवटी गटाचं काम. त्या ताईंच्या हप्त्यानंतर आमच्या गटाने दोन ठराव केले. आजारपणामुळे कुणाचा खाडा झाला आणि दवाखान्याचा कागद असेल, तर त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलायचा, दंड नाही. आणि औषधाला लागणारं छोटं कर्ज बैठकीची वाट न बघता द्यायचं. तिसरी गोष्ट ठरावात लिहिली नाही, पण चार जणींनी मिळून केली. त्या वर्कशॉपच्या मालकांना भेटायला गेल्या. भांडायला गेल्या नाहीत. दवाखान्याची चिठ्ठी दाखवली, उपचार चालू आहे, चट्टा झाकून काम करता येतं, घरी बसवायची गरज नाही असं सांगितलं. आणि एप्रन बदलून वाळवायला एक दोरी, हात-पाय धुवून पुसायला दहा मिनिटं मागितली. दोरी मिळाली. दहा मिनिटांचं अजून चालू आहे, सध्या पाच मिळतात. ताई चौथ्या आठवड्यापासून कामावर आहेत. उपचार पूर्ण व्हायला तिघांनाही अडीच महिने लागले. मुलीच्या मानेवर आता काही नाही. ताईंच्या मांडीवरच्या रेषा राहिल्या.

तुमच्या गटात, तुमच्या चाळीत असा कुणाला त्रास असेल तर पुढच्या बैठकीत घरातल्या ट्यूबा आणायला सांगा आणि एकत्र बसून वाचा. लहान मुलीला वाचायला द्या. तिला वाचता वाचता पिंपरीच्या प्रयोगशाळेचं नावही सांगा. एचए कंपनीवरून बस जाते तेव्हा खिडकीतून दाखवा. मोठी होऊन ती तिथे नसेल, पण कुठल्यातरी प्रयोगशाळेत बशीवर बुरशी वाढवत बसली तर आम्हाला आनंदच होईल.

पुढच्या वेळी कामगार विम्याचं कार्ड कसं काढायचं, याविषयी बोलू. तोवर कपडे नीट वाळवा, अंगाची काळजी घ्या. नमस्कार.